नुसतं विचारतोय

चष्मा कपाळावर सरकवून, समोरच्याच्या टेबलावर दोन बोटं हलकेच टेकवत माझे शेजारी म्हणायचे, "तक्रार नाही हं, नुसतं विचारतोय."

हे वाक्य ऐकलं की आमचा एचआरवाला खुर्चीत ताठ व्हायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुबईत, देरा भागात आमच्या बांधकाम कंपनीचं ऑफिस होतं. ते ड्राफ्ट्समन, मी खरेदी विभागात. ऊद मेथा भागात एकाच इमारतीत राहायचो. मुंबईत ते कारखान्याच्या युनियनचे चिटणीस होते. दुबईत उतरल्या दिवशीच वहिनींनी बजावलं होतं, "तिकडे केलंत ते पुरे. इथे मोर्चे-बिर्चे खलास!"

मोर्चे खलास झाले. प्रश्न मात्र राहिले. इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद होती आणि वॉचमन रोज "इन्शाल्ला, टुमारो" म्हणायचा. ते घरमालकाच्या ऑफिसात गेले. "दुरुस्त करणार नसाल तर तेवढं लिहून द्या. आम्ही वाट बघणं सोडतो." लिहून द्यायला कोणी धजेना. चौथ्या दिवशी लिफ्ट सुरू.

मग ते सर्क्युलर आलं. खर्च कमी करायचा म्हणून एक तारखेपासून चहा मशीनचा. अठरा वर्षं चहा करणाऱ्या कुट्टीचा व्हिसा पुढे वाढवणार नाहीत. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला आल्याचा, हे कुट्टीला तोंडपाठ. त्याची मुलगी केरळात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

पॅन्ट्रीत आम्ही दबक्या आवाजात चडफडलो. कोणीतरी म्हणालं, सगळ्यांच्या सह्या घेऊ.

"सह्या नकोत," ते म्हणाले. "सर्क्युलर नीट वाचा. खाली काय लिहिलंय? मशीनबद्दल शंका असल्यास जनरल मॅनेजरना भेटावे. मग भेटू या की!"

एक तारखेला कागदी कप घेऊन ते स्वतः पहिले केबिनमध्ये गेले. "सर, नॉट अ कम्प्लेंट, जस्ट आस्किंग. साखर कमी कशी करायची?" मग एकेक जण जात राहिला. माझा नववा नंबर होता. बायकोचे दिवस भरत आलेले, व्हिसा कंपनीच्या हातात. पण माझ्या पुढचा पठाण ड्रायव्हर अगदी मनापासून विचारत होता, "साब, इसमें इलायची किधर है?" मला हसू आवरेना.

जीएम इंग्रज होते, सभ्य. दोन दिवस प्रत्येकाला उत्तर देत राहिले. तिसऱ्या दिवशी मोठ्या क्लायंटचा अरब इंजिनिअर आला. कागदी कप बघून म्हणाला, "हबीबी, कुट्टी कुठाय?" साहेब स्वतः उठून मशीनपाशी गेले, भलतंच बटण दाबलं आणि टायवर टोमॅटो सूप घेऊन परतले.

संध्याकाळी यांना केबिनमध्ये बोलावणं आलं. आम्ही केबिनच्या दाराशी घोटाळत राहिलो. दहा मिनिटांनी बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"विचारत होते, ही कल्पना कोणाची. मी म्हटलं, सर, सर्क्युलरवर सही तुमचीच आहे."

"मग?"

"मग हसले. कुट्टी राहतोय."

ऑफिसात असा कल्ला झाला की खालचा दुकानदार वर बघायला आला. घरी पोचल्यावर मात्र ते इमारतीच्या जिन्यातच टेकले. "पोरीची दहावी आहे रे यंदा," एवढंच म्हणाले. मी शेजारी बसून राहिलो. तेवढ्यात पोरगीच वरून आली. "बाबा, व्हॉट हॅपन्ड?" मग तिचा हात धरून ते उठले.

पुढे काही वर्षांनी ते पुण्याला परतले. निरोपाला विमानतळावर आम्ही अकरा जण काचेला नाक लावून उभे. दोरीने बांधलेल्या टीव्हीच्या खोक्याआडून फक्त त्यांचे हात दिसत होते, दोन्ही वर करून हलवलेले. मागची रांग खोळंबली होती. पोलीस "यल्ला, यल्ला" म्हणत त्यांना पुढे सरकवत होता, आणि म्हणता म्हणता त्यानेही आमच्याकडे बघून हात हलवला.