गुणी पोरीची झोप

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. एकोणीसशे साठच्या पुढेमागे मी यवतमाळच्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. नशिबाने काम मात्र असं दिलं होतं, की निम्मा वेळ नुसती वाट पाहायची.

आमचं घर दिग्रसला. वहिनी बाळंत झाली आणि तिची झोपच उडाली. आईने ओळखीच्या एका वैद्याकडून झोपेच्या पुड्या आणल्या. निव्वळ झाडपाला आहे, असं तो म्हणाला. वहिनी झोपू लागली, तशी पोरही झोपू लागली. येणारी-जाणारी बाई पाळण्यात डोकावून म्हणे, "कित्ती गुणी पोर आहे, रडतच नाही." मी सुट्टीत गेले तेव्हा पाहिलं, दोन घोट दूध घेऊन ती मान टाकत होती. तळपाय चोळले, गालाला टिचकी मारली, तरी डोळे उघडेना.

डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर आई म्हणाली, "रडत नाही म्हणून कोणी दवाखान्यात नेते काय? तुले कोणी निजलेलं पाहवतच नाही. झाडपाल्यानं काय होते, दाखव पाहू."

दाखवतेच, म्हटलं. एक पुडी उचलली आणि यवतमाळची एस.टी. पकडली.

मिसळलेली भुकटी नुसती पाहून काही कळत नाही. आधी सगळं वेगळं करावं लागतं. पुडी आम्ल घातलेल्या पाण्यात कालवली, औषध ओढून घेणाऱ्या ईथरमध्ये हलवली, वर आलेलं ईथर काढून उडू दिलं. तळाशी राहिलं ते थोड्या स्पिरिटात विरघळवून त्यातला थेंब गाळणकागदाच्या पट्टीवर ठेवला. शेजारी फिनोबार्बिटोन या झोपेच्या गोळीचे थेंब, कमीपासून जास्तीपर्यंत. पट्टी काचेच्या बरणीत टांगली. तळाला ब्यूटेनॉल आणि अमोनियाचं पातळ मिश्रण, वर घट्ट झाकण. ही ओल कागदातून वर चढते आणि प्रत्येक पदार्थाला कमीजास्त उंचीवर सोडते. चढते कसली, गोगलगाय बरी. झाकण उघडायचं नाही, बरणी हलवायची नाही.

मी व्हरांड्यात जायची, परत यायची. ओल बोटभर चढलेली असायची. पोरीने दूध घेतलं असेल का? वहिनीने आजही पुडी घेतली असेल का? नळ्या धुतल्या, त्याच पुन्हा धुतल्या. चहा केला, तो तसाच गार झाला. आमचे सर वैतागून म्हणाले, "बाई, तुमच्या येरझाऱ्यांनी टेबल हलतंय. बाहेर जा." गेले, आणि लगेच परत आले.

शेवटी पट्टी वाळवून पाऱ्याच्या क्षाराचं पाणी फवारलं. करडे डाग उठले. गोळीचा डाग ज्या उंचीवर, पुडीचाही त्याच उंचीवर. तोही गोळीच्या सगळ्यात मोठ्या थेंबापेक्षा गडद. झाडपाल्याचा पिवळट ओरखडा भलतीकडेच राहिला होता. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "आजच निघा."

घरी आईपुढे पट्टी धरली. "कागदावरच्या डागानं काय समजते?" ती म्हणाली. पट्टी वहिनीने घेतली.

"हा गोळीचा?"

"हो."

"अन् हा माह्या पुडीतला?"

"हो, वहिनी."

"मंग हेच माह्या दुधातून तिच्या पोटात गेलं काय, बाई?"

आईने पायात चपला सरकवल्या आणि डॉक्टरला आणायला निघाली.

डॉक्टरांनी पुड्या बंद केल्या, काही दिवस वरचं दूध द्यायला सांगितलं. मी रजा वाढवून राहिले. पोर अजून झोपलेलीच. बरणीभोवती घालायची तशाच येरझाऱ्या मी आता पाळण्याभोवती घालू लागले. आईही मला बस म्हणत नव्हती.

मग एका सकाळी मी मोरीत भांडी घासत असताना आतून कुरकुर ऐकू आली, आणि पाठोपाठ कान किटवणारं रडणं. राखेच्या हातांनीच धावले. वहिनी पाळण्याची दोरी धरून बसली होती, पण पोरीला उचलत नव्हती.

"वहिनी, घ्या ना तिला."

"थांबा बाई," ती म्हणाली. "जरासं रडू द्या."

मी तिच्याजवळ खाली बसले.