दाराची खालची कड

कारखान्यात त्यांना 'पालथेसाहेब' म्हणत. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण जिना उतरताना मागून कानावर यायचं आणि त्यांना ते मनातून आवडायचं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. पंप समोरून किती चकचकीत आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. दोघांना तो उचलायला लावायचा, पालथा करायचा आणि बुडाशी टॉर्च मारायचा, ही त्यांची पद्धत. रंग सुटलेला दिसला की लाल खडूची फुली, आणि फुली पडली की माल परत.

एकदा रंगकाम करणाऱ्या एकाने चाळीस पंपांची बुडं कोरी सोडली होती. "साहेब, तिथं कोण बघतंय?" असं तो म्हणाला. "मी बघतोय," पालथेसाहेब म्हणाले. मग पाळीतल्या सगळ्या कामगारांना गोळा करून त्यांनी त्याला चाळीसच्या चाळीस पंप एकट्याने पालथे करायला लावले. माणूस पन्नाशीचा होता. विसाव्या पंपाशी त्याचे हात थरथरायला लागले. ही हकीकत साहेब पुढे कितीतरी वर्षं सांगत असत, आणि ऐकणारे हसत असत.

निवृत्त झाल्यावर असा माणूस घरात बसला की घरच्यांचं काय होतं, ते त्यांच्या बायकोला विचारावं. "मिठाची बरणी तेवढी पालथी करू नका," ती म्हणायची, "बाकी सगळं बघून झालंय तुमचं." त्यामुळे गेल्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघरातली ओट्याखालची कपाटं स्वतः बनवायचं ठरवलं, तेव्हा तिने देवाचे आभारच मानले. निदान दोन महिने तरी तपासणीला माल त्यांचा स्वतःचाच असणार होता.

त्यांनी मेलामाइनचे पांढरे बोर्ड दुकानातून मापाप्रमाणे कापून आणले. हा बोर्ड म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा, वरखाली गुळगुळीत थर. वरून घासा, पुसा, काही होत नाही. त्याचा जीव असतो कडेत. कापलेली कड उघडी राहिली की ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी पाणी ओढते, फुगते, आणि एकदा फुगली की परत बसत नाही. म्हणून प्रत्येक कडेला पट्टी लावायची. पट्टीच्या मागे गोंद असतो. वरून इस्त्री फिरवायची, गोंद वितळला की लाकडी ठोकळ्याने दाबत न्यायचं, गार झाल्यावर बाहेर आलेला भाग कटरने तासायचा आणि काचकागद मारायचा.

हे काम त्यांना इतकं मानवलं की बायकोची इस्त्री दोन महिने तिला दिसली नाही. सगळे सुरकुतलेल्या कपड्यांत कामावर जात होते. सून दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर असते, ती एकदा म्हणाली, "बाबा, आज मला डॉक्टरांनी विचारलं, पेशंट आहात का." साहेबांनी त्या दिवशी तिचा ड्रेस स्वतः इस्त्री करून दिला, कॉलरच्या आतल्या बाजूनेसुद्धा.

चौदा दारं झाली. शेवटची दोन सिंकखालची. त्यांच्या तीन-तीन कडा झाल्या आणि पट्टीचं रीळ संपलं. राहिल्या फक्त दोन खालच्या कडा, मिळून जेमतेम दोन हात. रात्रीचे नऊ वाजले होते, दुकान बंद झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी सुनेचे आईवडील स्वयंपाकघर बघायला येणार होते. साहेबांनी दोन्ही दारं बिजागऱ्यांवर चढवली. उद्या-परवा काढून लावू, असं त्यांनी ठरवलं. तिथं कोण बघतंय, हे शब्द त्यांच्या मनात आले होते की नाही, हे त्यांना पुढे कधीच नीट आठवेना. आले असावेत.

व्याही पेशाने शिंपी. बोटं कपड्यावरून फिरवावीत तशी त्यांनी दाराच्या कडेवरून फिरवली आणि म्हणाले, "साहेब, शिवण सापडत नाही हो." साहेबांनी त्यांना एकेक दार उघडून दाखवलं. सिंकखालची दारं उघडली नाहीत. तिथे कचऱ्याचा डबा आहे, म्हणाले.

मग पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कौतुक केलं, आणि तिथेच घोटाळा झाला. आता दार उतरवायचं तर बायको विचारणार, काय राहिलं होतं? राहिलं होतं असं सांगायचं तर इतके दिवस दाखवलं ते काय होतं? एकेक दिवस गेला तसतसं ते सांगणं अवघड होत गेलं. नवं रीळ त्यांनी आणलं होतं. ते मोज्यांच्या खणात, मागे, एका मोज्यात होतं.

सातव्या महिन्यात सिंकखालची दारं खालून फुगली. पांढरा थर तडकला आणि आतून भुसा डोकावायला लागला. नेमके त्याच आठवड्यात व्याही आले. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच म्हणाले, "अरेच्चा, हे काय झालं?"

घरात सगळे होते. साहेबांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी ठरवून म्हटलेलं नव्हतं, पण निघालं अगदी तयार असल्यासारखं. "पाण्याचं काम आहे ते. फरशी पुसायला बादलीभर पाणी ओततात आजकाल. बोर्ड बिचारा काय करणार."

फरशी सून पुसते. ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. व्याही तिच्याकडे वळले. "इतकं पाणी कशाला गं ओततेस? दोन महिने खपलाय माणूस. आपल्या घरी असं शिकवलं का तुला?"

"नाही अण्णा. चुकलं माझं," सून म्हणाली, आणि तिने ट्रे टेबलावर ठेवला. पहिला कप साहेबांना दिला.

दुसऱ्या दिवसापासून तिने लांब दांड्याचा पोछा बाल्कनीत ठेवून दिला. कामावर जायच्या आधी गुडघ्यांवर बसून हाताने फरशी पुसायची. फडकं तीनदा पिळायची. शेवटी जुन्या टॉवेलने कपाटांच्या कडेकडेने सगळं कोरडं करत यायची. साहेब बाहेर पेपर धरून बसलेले असत. फडकं पिळल्याचा आवाज येई, एक, दोन, तीन. त्या दिवसांत त्यांनी पेपर वाचला म्हणण्यात अर्थ नाही. आता हे मिटवायला हवं होतं, आणि कोणाला कळायच्या आत.

एका बुधवारी बायको बहिणीकडे गेली, मुलगा आणि सून कामावर. साहेबांनी मोज्यातून रीळ काढलं, दोन्ही दारं उतरवली, जेवणाच्या टेबलावर घोंगडी अंथरून पालथी ठेवली आणि इस्त्री तापवली. पट्टी मापून कडेवर धरली, आणि ती पुरेना. लांबीला पुरत होती, रुंदीला नाही. बावीस मिलिमीटरची पट्टी. अठराची कड फुगून सव्वीसची झालेली. त्यांनी काचकागद मारला, तर भुश्याची ढेकळंच सुटून घोंगडीवर पडली. ठोकळ्याने दाबलं, तर दुसरीकडून फुगवटा वर आला. दार गेलं होतं. हे एकतीस वर्षं माल परत पाठवणाऱ्या माणसाला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं. तरी ते अर्धा तास खटपट करत राहिले.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. सून चष्म्याचं घर विसरली होती.

ती टेबलाशी आली. दोन्ही दारं पालथी, वर केलेल्या त्या दोन कोऱ्या कडा, शेजारी पट्टीचं नवं रीळ, तापलेली इस्त्री. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पट्टी लावलीच नव्हती मी," साहेब म्हणाले. "इथे. खाली. रीळ संपलं होतं."

"माहीत आहे," सून म्हणाली.

"कधीपासून?"

"दार पुसताना खालून हात लागतो ना. खरखरीत लागायचं. आणि बाबा, दार फरशीपासून चार बोटं वर आहे. फरशीचं पाणी काय उड्या मारतं? सिंकमधून ओघळतं ते दारावरून खाली येतं आणि तिथे थेंब धरून बसतं. रोज बघते मी."

साहेबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. एवढंच करण्यासारखं होतं. चार बोटांचं अंतर त्यांनी स्वतः मापून सोडलं होतं, फरशीचं पाणी लागू नये म्हणूनच.

"मग तू गुडघ्यांवर बसून कशाला..."

"आणखी एखादं फुगलं असतं तर तेही माझ्यावरच आलं असतं."

"मला म्हणायचंस."

"कधी? तुम्ही चारचौघांत बोललात. मी उत्तर दिलं असतं तर तेही चारचौघांतच झालं असतं." तिने फडताळावरून चष्म्याचं घर उचललं. "अण्णा मात्र बोलले मला, ते लागलं. ते कधी बोलत नाहीत."

ती निघाली. दाराशी थांबून म्हणाली, "इस्त्री गार झाल्याशिवाय घोंगडीवर ठेवू नका." आणि गेली.

साहेब बराच वेळ खुर्चीत बसले होते. त्यांना तो रंगकाम करणारा आठवला. आतापर्यंत त्याच्या गोष्टीत त्यांना नेहमी स्वतःचं वाक्य आठवायचं. आज फक्त त्याचे हात आठवले. चाळीस पंप झाल्यावर तो काय म्हणाला होता, कुठे गेला होता, काही आठवेना. बहुधा त्यांनी बघितलंच नव्हतं.

रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी वाट पाहिली. सगळे बसल्यावर त्यांनी व्याह्यांना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"साहेब, बोला. तब्येत बरी ना?"

"बरी आहे. ती दारं माझ्यामुळे फुगली. खालच्या कडेला पट्टी मी लावली नव्हती. लपवलं होतं. पाण्याचं निमित्त खोटं होतं, मला माहीत होतं तेव्हाही."

बायकोचा घास हातातच राहिला. मुलगा ताटाकडे बघायला लागला.

"मी बोललो हो तिला," व्याही म्हणाले. "तुमच्यासमोर बोललो ते बोललोच, खाली सोडायला आली तेव्हा जिन्यातही बोललो. आईला सांगू का म्हणालो." मग म्हणाले, "तिला द्या जरा."

सुनेने फोनचा आवाज लहान केला आणि तो घेऊन ती बाल्कनीत गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. बायको म्हणाली, "मोज्यात ते काय होतं, ते आता कळलं. मी म्हटलं मोजपट्टी असेल." कोणी हसलं नाही, ती स्वतःही नाही.

शनिवारी साहेब नवे बोर्ड कापून घेऊन आले. या वेळी त्यांनी खालच्या कडा आधी केल्या. दोन्ही दारं झाल्यावर त्यांनी ती टेबलावर पालथी ठेवली आणि सुनेला हाक मारली. ती हात पुसत आली. तिने डोळे मिटले आणि खालच्या कडेवरून बोट फिरवत नेलं, सावकाश, अगदी टोकापर्यंत. दुसऱ्या दाराच्या कोपऱ्याशी बोट थांबलं.

"हे टोक उचललंय."

साहेबांनी वाकून बघितलं. केसाएवढी फट होती. त्यांनी इस्त्री परत तापत ठेवली, आणि ती तापेपर्यंत सुनेने ते टोक अंगठ्याने दाबून धरलं.