पार्बताबाईच्या सरकीचा निवाडा

ते भांडण पार्बताबाईनं खुशालराव व्यापाऱ्याच्या पडवीत बसून ऐकलं. पंचांचा निवाडा ऐकायला तिला तेल्हाऱ्याला बोलावलं होतं, अन् आत तिघं पंच खुशालरावाच्याच घरचं जेवून हात धूत होते.

"कागदावर कापूस वला का सुका एवढंच हाय, देवीदासभाऊ," त्यांतला सहदेव म्हणत होता. "मंग तिची सरकी कावून अडवता?"

"पंच झाला तं पंचासारखा बोल," दुसरा पंच देवीदास म्हणाला.

"तसाच बोलून राहिलो."

"अन् तूप कायले दोनदा मांगतलं?"

सगळे हसले. सहदेवही हसला. पुढं पार्बताबाई सांगायची, देवीदासाचा राग आला, पण शिसारी आली ती सहदेवाच्या हसण्याची.

त्या सालात सातासमुद्रापार कुठं लढाई लागली होती म्हणे, अन् इकडं कापसाला असा भाव चढला होता की व्यापारी बांधावर येऊन बसत. पार्बताबाई विधवा, पदरी एक लेक, तारा. तिचा कापूस लांब धाग्याचा, बनी वाणाचा. खुशालरावाशी करार साधा होता: त्याच्या रेच्यावर कापूस वटून सरकी वेगळी काढायची, रुई त्याची, सरकी हिच्या घरी परत. सरकी म्हणजे पुढल्या सालचं बी. सासूच्या हातचं ते बी आजवर भेसळीच्या बियात मिसळलं नव्हतं, अन् खुशालरावाचा डोळा त्याच्यावरच होता. त्यानं कापूस अडवून धरला. म्हणाला, वजन वाढवायला बाईनं पाणी मारलं. मग कापूस ओला की सुका एवढंच ठरवायला दोघांनी पंच नेमले अन् कागदावर अंगठे दिले.

सुकी सरकी दाताखाली कडकन फुटते, ओली दबते. तेल्हाऱ्यातल्या लेकरालाही ठाऊक. पंचांनी एक दाणा तोंडात घातला नाही; तोंड रिकामं कुठं होतं त्यांचं. बाहेर येऊन ढेकर देत निवाडा सांगितला: कापूस ओला, बाईनं तीन मण वर द्यावा, सरकी खुशालरावाकडंच राहील, अन् यापुढं बाईनं दुसऱ्या कोणाला कापूस घालू नये.

मृग दीड महिन्यावर होता. पार्बताबाईनं भाकरी बांधल्या अन् गाडी जुंपून अकोल्याची कचेरी गाठली. बारा दिवस तिथल्या लिंबाखाली काढले. मग साहेबापुढं शिरस्तेदारानं कागद वाचला, साहेबाशी बोलला अन् हिच्याकडं वळला.

"ओला की सुका हे पंचांनी ठरवलं, बाई. त्यात ते चुकले असले तरी आम्ही फिरून तपासत नाही. पंच तुम्हीच कबूल केलेत."

"अन् सरकी?"

"सरकीचं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्या कापसाचंही नाही. तेवढं रद्द."

"म्हंजे खोटं बोलले ते राहू द्याचं, अन् जास्त बोलले तेवढं खोडाचं?"

"तसंच."

"बरं हाय बा तुमचं," ती म्हणाली अन् गाडी जुंपायला गेली.

सरकी घरी आली. तीन मण कापूस मात्र तिला द्यावा लागला, अन् तेल्हाऱ्यात 'पाणीवाली' हे नाव कायमचं चिकटलं. सहदेव बाजारात राम राम घाली, ही पदर नाकाला लावून पुढं जाई. एका साली त्याचं बी किडलं, तेव्हा आला दाराशी तोंड पाडून. तिनं पायलीभर बी सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"बस म्हणशील का नाई, वयनी?"

"बियाचं आलता ना? घेतलं? जा मंग."

दर साली मृगाच्या आधी ती ताराच्या सासरी बी नेऊन देई, दोन कोस पायी. शेवटल्या सालीही गेली. सरकीला शेणमाती चोळली, दाणा दाणा सुटा केला, अन् सावलीत पसरून वाळेपर्यंत कोंबड्या हाकलत बसली.

"आई, गाडी धाडली असती ना," तारा म्हणाली.

"गाडी कायले? पाय हायेत."

चार दिवसांनी ती वारली. पण ताराकडं आली त्या दिवशी तिनं वाळलेलं बी ताराच्या पोत्यात ओतलं, टोपलीच्या तळाशी चिकटलेले दाणे बोटानं काढले, ती डोक्यावर पालथी घातली अन् उन्हं उतरायच्या आत घरची वाट धरली.