वर्ध्यात नॉर्मल, पुण्यात हाय

"मॅडम, ही बाई किडनी द्यायला आलीय की घ्यायला?"

फोनवर डॉ. रानडे होते, आमच्या हॉस्पिटलचे किडनीचे डॉक्टर. चिडले की ते असेच बोलत. मी तिथल्या बायोकेमिस्ट्री लॅबची इनचार्ज. माझं संशोधनही किडनीवरच, त्यामुळे किडनीचं काहीही बिनसलं की फोन मला.

ही बाई म्हणजे विशाखाताई, वर्ध्याकडच्या शाळेत शिक्षिका. त्यांचा धाकटा भाऊ प्रदीप मेश्राम खराडीच्या एका आयटी कंपनीत नुकताच टीम लीड झाला होता आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसवर होता. आईला शुगर, बायकोचा ब्लड ग्रुप वेगळा. जुळत होती ती एकटी बहीण. तिची किडनी नाही, तर कुणाचीच नाही.

आणि तिचं क्रिएटिनिन वाढलेलं येत होतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा कचरा. स्नायू तो रोज थोडा थोडा रक्तात टाकतात, किडनी तो लघवीवाटे बाहेर काढते. रक्तात साचला, तर किडनी मागे पडतेय असं समजायचं. अशी किडनी काढून घेता येत नाही. देणाऱ्यालाही उरलेल्या एकीवर आयुष्य काढायचं असतं.

गंमत अशी, की वर्ध्याच्या लॅबचा रिपोर्ट पॉइंट नऊ, म्हणजे अगदी नॉर्मल. आमचा दीडच्या जवळ. बाई घरी परत गेल्या, तिथे पुन्हा पॉइंट नऊ. पुण्यात आल्या, पुन्हा वर.

"मग बरोबर कोण?" रानड्यांनी विचारलं.

"आपणच असणार, सर. आपला ॲनालायझर इम्पोर्टेड आहे."

आयात खुली झाल्यावर आलेलं ते मशीन, त्याचा आम्हाला भारी अभिमान. सांगितलं ठसक्यात, पण माझं मलाच काही कळत नव्हतं. कंट्रोल सॅम्पल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असं सॅम्पल, लावून बघितलं. मशीन ठीक. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणावं, तर तीही नाही. शेवटी जुन्या पद्धतीने, पिक्रिक ॲसिड घालून, हाताने टेस्ट केली. तेवढंच आलं. डोकं भणभणायला लागलं. पुण्याच्या पाण्याने किडनी बिघडते म्हणावं, तर आम्ही सगळे इथे काय करत होतो?

"शुक्रवारी मीटिंग आहे," रानडे म्हणाले. "तोपर्यंत उलगडा झाला नाही, तर मी त्यांना नाही म्हणून सांगणार. एकाला वाचवायला दुसरीला डायलिसिसवर नाही बसवायचं मला."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्याचाच तर राग येत होता.

गुरुवारी रक्त मी स्वतः घ्यायचं ठरवलं. प्रदीप बाहेर बाकावर बसला, ताई आत आल्या. मी विचारलं, ताप? नाही. अंगदुखीच्या गोळ्या? नाही जी.

"मॅडम, जरा दम घेऊ द्या," त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "पोटाला तडस लागली आहे. खाल्ल्याशिवाय प्रदीप निघूच देत नाही."

"काय खाल्लंत?"

"कालचं मटण उरलं होतं ना जी. रस्सा-भाकर. इथं आले की रोज तेच. घरी तर महिना महिना करत नाही मी. एकटीसाठी कोण करते?"

मी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

मटण म्हणजे बकऱ्याचे स्नायू. शिजवले की त्यातही क्रिएटिनिन तयार होतं. खाल्लं की ते आपल्या रक्तात येतं आणि काही तास तिथेच मुक्काम करतं. या टेस्टला उपाशी यावं लागत नाही, म्हणून जेवणाचं कुणी विचारलंच नव्हतं. संशोधनात उंदरांना काय खायला घातलं, ते मी वर्षानुवर्षं ग्रॅममध्ये लिहून ठेवलं. माणसाला विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

प्रदीपला आत बोलावून सांगितलं. त्याचा चेहरा पडला. पथ्यामुळे त्याला स्वतःला मटण जवळजवळ बंदच. पण बहीण आली की हा सकाळी उठून कॅम्पातून घेऊन यायचा आणि समोर बसून तिला वाढायचा.

"ती मला किडनी देतेय, मॅडम," तो म्हणाला. "मी तिला दुसरं काय देणार होतो?"

ताईच म्हणाल्या, "आता वरण-भात वाढ बाबा. पण तसाच समोर बसून वाढ."

शुक्रवारी सकाळी पुन्हा रक्त घेतलं. पॉइंट नऊ. रिपोर्ट घेऊन मीटिंगला गेले.

"म्हणजे वर्धा बरोबर होतं?" रानड्यांनी विचारलं.

"दोन्ही लॅब बरोबर होत्या, सर."

"मग चुकलं कोण?"

"बोकड."

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. बाकीच्या टेस्ट पुन्हा करून घेतल्या आणि ऑपरेशनची तारीख दिली. बहिणीच्या किडनीने टेबलावरच लघवी करायला सुरुवात केली. सर्जन लोकांना याहून मोठा आनंद नसतो.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत कुणाचा आकडा विचित्र आला, की मी आधी विचारत असे, कुणाकडे उतरलात आणि त्यांनी काय वाढलं. मशीन त्यानंतर उघडायचं. मशीन कुणाचे लाड करत नाही.