आक्काच्या खानावळीचं छप्पर कुणी उडवलं

कुठलीही विमा पॉलिसी हातात आली की सर ती आधी उलटी करायचे. मागचा बारीक मजकूर वाचायचे, ‘ॲक्ट ऑफ गॉड’ या शब्दांवर बोट ठेवायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, “हे गृहस्थ कोण? यांना भेटता येईल का?”

मी तेव्हा सिल्वासात विमा एजंट होतो. धुळ्याहून नोकरी शोधत आलो आणि कारखान्यातल्या पाळीऐवजी हा धंदा गळ्यात पडला. सर सरकारी शाळेत सायन्स शिकवायचे. मूळचे कोकणातले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, देव तर नव्हताच. तुमच्या पाहण्यातही असा एखादा नास्तिक असेल. पण बहुतेकांचा नास्तिकपणा सणासुदीला जरा सैल होतो. सरांचा सणासुदीला आणखी आवळायचा. कंपनीचं लक्ष्मीच्या चित्राचं कॅलेंडर मी मोठ्या कौतुकाने दिलं, तर त्यांनी ते उलटं टांगलं. वर्षभर भिंतीवर कोरा कागद होता आणि सर तारीख विचारायला शेजारी जात होते.

एकदा मी त्यांना एका कारखान्यात पडलेली जहाजी मालाची जुनी पॉलिसी दाखवली. तिची सुरुवातच ‘देवाच्या नावाने, आमेन’ अशी होती. सरांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. म्हणाले, “बघा, वर त्याचं नाव घेऊन सुरुवात आणि खाली नुकसानीचा आळ त्याच्यावरच. असली वागणूक मिळत असेल तर मी देव व्हायलाही तयार नाही.”

सर राखोलीच्या रस्त्यावर आक्काच्या खानावळीत जेवायचे. आक्का खानदेशातली. नवरा कारखान्यात लागला म्हणून आली, तो वारल्यावर कामगारांना जेवण घालून तिने घर उभं केलं. खानावळीचा बेत वारावर ठरलेला, मंगळवारी वरण-बट्टी. सप्तशृंगीची निस्सीम भक्त. सर आणि ती रोज भांडायचे. प्रसादाचा शिरा ती सरांच्या ताटात ‘गोड’ म्हणून वाढायची. सरांना तो कुठला आहे हे नक्की ठाऊक असायचं. तरी खायचे. म्हणायचे, “शिऱ्याचा काही दोष नाही.”

एका मे महिन्यात संध्याकाळी जोराचं वादळ आलं आणि खानावळीचे पत्रे उडून पलीकडच्या शेतात जाऊन पडले. चूल भिजली, धान्य भिजलं. खानावळीचा विमा मीच उतरवला होता आणि त्यात वादळाची भरपाई होती, म्हणून मी आक्काला निर्धास्त राहायला सांगितलं. पण पाहणीला आलेल्या माणसाने नुकसानीच्या कारणापुढे लिहिलं, ‘ॲक्ट ऑफ गॉड’. कंपनीच्या वापीच्या ऑफिसने तेवढाच शब्द पकडला. ईश्वरी कृत्याची भरपाई पॉलिसीत बसत नाही, असं उत्तर आलं. आक्काकडे पत्रे घेण्याची ऐपत नव्हती. खानावळ बंद राहिली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार, हे तिला आणि मलाही दिसत होतं. मला तिच्या दारावरून जायची लाज वाटू लागली.

सर ऐकून ताठ झाले. इतकी वर्षं ज्या माणसाला भेटायचं म्हणत होते, त्याच्या नावाने अखेर खटला उभा राहिला होता. आम्ही तिघे वापीला गेलो. तिथला साहेब भला गुजराती माणूस होता, पण टेबलामागे अंबामातेची तसबीर आणि तिच्यापुढे जळती उदबत्ती.

सरांनी सुरुवात केली. देवाने केलं म्हणता तर पुरावा दाखवा, कुणी पाहिलं ते सांगा, आणि तो नसेलच तर त्याच्या कृत्याची अट आपोआप रद्द होते, असं बरंच काही ते बोलले. वर्गात बोलावं तसं, मुद्द्यामागून मुद्दा. साहेबाचा चेहरा आंबत गेला. शेवटी त्याने फाईल मिटली आणि आपण देवाधर्माची थट्टा ऐकायला बसलेलो नाही, असं शांतपणे सांगितलं.

तेव्हा आक्का बोलली. आधी तिच्या बोलीत, स्वतःशीच बोलल्यासारखी. “मन्ही माय मन्हं छप्पर कसाले उडाई?” मग साहेबाला समजावं म्हणून हिंदीत. माझी आई माझंच छप्पर कशाला उडवेल? मी तिला रोज नैवेद्य दाखवते. तुमच्या माणसाने कागदावर तिचं नाव घातलंय. “साब, तुम्हारी माताजी ऐसा करती क्या?”

साहेबाने मागे वळून तसबिरीकडे पाहिलं. मग त्याने फाईल पुन्हा उघडली, पाहणीवाल्याला बोलावलं आणि कारण दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. ‘वादळ’. भरपाई मिळाली, पत्रे चढले.

परतताना चहाच्या टपरीवर सर नाराज होते. माझा मुद्दा तर्काने बरोबर होता, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आक्काने मान डोलावली आणि म्हणाली, “बरोबरच होता, सर. पण तो ऐकून साहेबाने फाईल मिटली होती.” सर चहात बिस्कीट बुडवून बसले. ते तुटून कपात पडलं, तरी त्यांना कळलं नाही.

पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सर शाळेतच छातीत कळ येऊन गेले. कसलेही विधी करू नका, असं त्यांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. शोकसभा खानावळीतच भरली, कारण त्यांच्या ओळखीची माणसं तिथेच होती. हेडमास्तर उभे राहिले, सरांच्या शिस्तीबद्दल बोलले आणि शेवटी सवयीने हात जोडून म्हणाले, “ईश्वर मृतात्म्यास…”

“ते नको,” आक्का म्हणाली. “त्यांना चालायचं नाही.”

हेडमास्तर जोडलेले हात तसेच धरून उभे राहिले. ते कुठे ठेवायचे, त्यांना कळेना. आक्का आत गेली आणि ताटं मांडू लागली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. कुणीतरी कुजबुजलं, हे सुतकाचं जेवण का?

“नाही,” आक्का वरण वाढत म्हणाली. “मंगळवारचं आहे. जेवा.”