पावसाळ्याच्या सामानातली कॉमिक्स

पाच जुलै. अहेरीच्या बाजारातून वसतिगृहाचं पावसाळ्याचं उरलेलं सामान आणायचं होतं. मीठ, हळद, काडेपेट्या, बॅटरीचे सेल, फिनाईल, तापाच्या गोळ्या आणि कॉमिक्स.

भामरागडकडच्या एका गावात मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. आमच्या वाटेवर नाला आहे आणि नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं. कधी उतरतं, पुन्हा चढतं, पण त्याच्या भरवशावर कोणी राहत नाही. तांदूळ आणि डाळ चार महिन्यांची आधीच येऊन पडते. बाकीचं मी भरते. मग दिवाळीच्या तोंडापर्यंत जे आत आहे त्यावर भागवायचं.

कॉमिक्सचंही तसंच. टीव्ही दोन वर्षांपूर्वी विजेने जाळला, मोबाइल मुलींना ठेवू देत नाही. एरवी दर आठवड्याला बाजाराला गेले की बसस्टँडजवळच्या दुकानातून नव्या आलेल्यांपैकी दोन-तीन उचलते. वाट बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेरीत मात्र डबाभर घ्यावी लागतात. डबा म्हणजे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. त्यात मावतील तेवढीच, कारण बाहेर राहिलेल्या कागदावर महिन्याभरात बुरशी चढते. म्हणून निवड नीट करावी लागते. एक पुस्तक रटाळ निघालं तरी ते चार महिने तोंडासमोर राहतं.

निघताना मुलींनी फर्माइशी केल्या. मोठ्यांना हेरगिरी हवी होती. लहानांना प्राणी हवे होते, पण पाचवीतल्या एकीची अट होती की वाघ बोलणारा नको. तिच्या घरची बकरी वाघाने उन्हाळ्यात नेली होती आणि तेव्हा तो काही बोलला नव्हता.

माझी अट एकच: भूत नको. मागल्या वर्षी एक भुताचं पुस्तक चुकून आलं आणि मी आठवडाभर टॉर्च धरून मुलींची रांग संडासापर्यंत पोचवत होते. तेव्हापासून बंदी. पण या उन्हाळ्यात दुकानदाराने मुखपृष्ठावर हेर असलेली एक मालिका गळ्यात मारली आणि आत निघाली विहीर. विहिरीत ढकललेली एक सून. लक्षात येईपर्यंत तीन भाग वाचून झाले होते. तिसऱ्याच्या शेवटी सून दोराला लोंबकळत होती, वर नवरा कोयत्याने दोर कापत होता आणि खालून पाण्यातून कोणीतरी तिचा घोटा धरला होता.

आमच्या स्वयंपाकीण बाई तांदूळ निवडता निवडता हे सगळं ऐकायच्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नववीतली एक मुलगी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचते. बाईंचं म्हणणं असं की त्यांना त्यात काही रस नाही, आवाज कानावर पडतो, त्याला त्या काय करणार.

त्या दिवशी मी जीपची वाट बघत उभी असताना बाई कॉमिक्सचा रिकामा डबा द्यायला आल्या आणि हळूच विचारलं, "मॅडम, ते विहीरवालीचं आणून राह्यले का?"

मी म्हटलं, भुताचं बंद आहे, माहीत आहे ना.

"मले काय करायचं हाये त्याचं. पोरी इचारून राह्यल्या."

मुली तेव्हा सगळ्या प्रार्थनेला होत्या. मी म्हटलं, मग मुलींना मी समजावते.

"समजावा. पोरीइचा जीव लागला नाई कशात त माहा बी जीव लागत नाई. मंग भाजीत मीठ जास्त झालं त मले बोलू नका."

अहेरीला आधी मीठ घेतलं, मग कॉमिक्स. दुकानदार भाऊंनी त्या आठवड्याचा गठ्ठा सोडला आणि मला स्टूल दिलं. त्यांना माझी पद्धत माहीत आहे. मी पहिलं पान बघत नाही, ते सगळ्यांचंच चांगलं असतं. मधलं पान उघडते आणि तिथून पुढे वाचावंसं वाटलं तर घेते. एकात एक जंतू चार पानं साबणावर भाषण देत होता. ठेवलं. एकात थोर माणसं नुसती हात जोडून उभी होती. ठेवलं. क्रिकेट खेळणाऱ्या मुलींचं घेतलं. हेरगिरीची घेतली, आत विहीर नाही हे पानन्‌पान बघून. न बोलणारा वाघ शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी अस्वल घेतलं. तेही बोलत होतं, पण कमी. अंतराळाचं एक जाडजूड, रंगीत पुस्तक मिळालं आणि डबा भरला.

चौथा भाग भाऊंनी वेगळा काढून ठेवला होता. मी न बघितल्यासारखं केलं.

"शेवटचा भाग हाये मॅडम," ते म्हणाले. "माल धाडणाऱ्या नागपूरवाल्यानं सांगितलं. एकच कॉपी उरली."

मी हातात घेतला, ठेवला, परत घेतला. चार महिने खारट भाजी खायची माझी तयारी नव्हती. शिवाय घोटा कोणी धरला याचा विचार मीही एप्रिलपासून करत होते. माझा संशय पहिल्या भागातच नाहीशी झालेल्या मोठ्या जावेवर होता. अंतराळ डब्यातून काढलं, भाऊंना परत दिलं आणि त्याच्या जागी विहीर घातली.

परतीच्या जीपमध्ये आलापल्ली यायच्या आधीच डबा उघडला. खड्ड्यांतून वाचणं सोपं नाही, तरी वाचलं. सून दोराला धरून वर चढते. नवरा कोयता टाकून पळतो. खालची आकृतीही तिच्यामागे वर येते, चेहऱ्यावर ओले केस. सून हात पुढे करते, केस बाजूला सारते, आणि त्याच्या खाली पिवळ्या चौकटीत लिहिलेलं: पुढच्या अंकात वाचा.

आलापल्लीला रेंज होती तोवर भाऊंना फोन लावला. त्यांनी नागपूरवाल्यावर ढकललं आणि पुढचा अंक महिन्या-दीड महिन्याने येईल, तो माझ्यासाठी राखून ठेवतो, असं वचन दिलं. वचनाचा उपयोग किती ते रपट्यावर कळलं. जीपची चाकं अर्धी पाण्यात होती आणि ड्रायव्हर म्हणाला, उद्यापासून तो येणार नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वाचन झालं. मुली दारापर्यंत बसल्या होत्या. मला खरं तर तिथे काम नव्हतं, म्हणून काडेपेट्या रचत बसले. पिवळी चौकट वाचून मुलगी थांबली.

"मंग?" बाई म्हणाल्या.

संपलं, ती म्हणाली.

बाईंनी पुस्तक तिच्या हातून घेतलं, शेवटचं पान उलटून मागे बघितलं. मागे सायकलची जाहिरात होती. मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, हे अर्धंच आणलं तुमी."

मी सांगितलं की पुढचं अजून छापलंच नाही.

"तांदूळ आणला चार महिन्याचा. हे नाई आणता आलं?"

बाईंनी भाताखालचा जाळ कमी केला आणि पळी हातात घेऊन पाटावर बसल्या.

"नाई छापलं त मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. पळून जाणारा नवरा अंधारात पाय घसरून त्याच विहिरीत पडला. घोटा धरणारी मोठी जाऊच होती, तिलाही याच घराने आधी बुडवलं होतं. माझा अंदाज बरोबर निघाल्याने मी खूश झाले आणि काडेपेट्या सोडून ऐकू लागले. गावाने ती विहीर बुजवली, बाई म्हणाल्या. सून माहेरी गेली. पण जावेला जायला घरच नाही. ती विहीर शोधत फिरते. तिला मोठी विहीर लागत नाही. बाजूला मोहाचं झाड पाहिजे, एका अंगाची पायरी तुटलेली पाहिजे आणि पावसात पाणी वर आलेलं पाहिजे.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. अशी विहीर आमच्या स्वयंपाकघराच्या मागेच आहे.

"इथी येते का ते, बाई?" पाचवीतल्या अस्वलवालीने विचारलं.

"मले काय माईत," बाई भात उतरवत म्हणाल्या. "पुढचा भाग नाई आला ना अजून. मॅडमले इचार."

मी बरंच समजावलं. भूत नसतं, जाऊ नसते, मोहाची झाडं सगळीकडे असतात. मुलींनी मान डोलावली आणि सतरंज्या एकमेकींना चिकटवून झोपल्या. भाजीत मीठ अगदी बेताचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेलेली होती, म्हणून विहिरीवरचा पंप बंद. बादली-दोराने पाणी काढायला एकही मुलगी तयार होईना. बाईंचे गुडघे नेमके त्याच दिवशी धरले होते. मी पदर खोचला आणि अख्ख्या वसतिगृहाच्या आंघोळीचं पाणी एकटीने शेंदून काढलं.