बाईंच्या कागदावरचा वड

पद्मावतीबाईंच्या वर्गात रबराला बंदी होती. काचीगुड्याच्या शाळेत त्यांनी उभा जन्म चित्रकला शिकवली, आणि कुणाच्या हातात रबर दिसलं की ते सरळ खिडकीबाहेर जायचं. "चुकलात? मग शेजारी बरोबर रेष काढा. चूक काय चोरी आहे, लपवायला?" निवृत्तीनंतरही बाई ब्लेडनेच पेन्सिलीला टोक काढत आणि भांडायचं असलं तर तोंडावर भांडत.

विद्यानगरातल्या त्यांच्या अपार्टमेंटच्या आवारात कडुनिंब, चिंच आणि मधोमध वड आहे. उन्हाळ्यात गॅलरीत बसून बाईंनी तिन्ही झाडं कागदावर उतरवली. चित्र नाकाशी धरलं, तर वडाच्या खोडावर गेल्या वटपौर्णिमेचं सूतही दिसायचं, पारंबीला कुणी बांधलेली कपड्यांची दोरीही. समोरच्या उषाताईंनी तर बघून हातच जोडले.

उषाताईंचे यजमान एकनाथराव सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना वड पाडून गाड्यांना जागा करायची होती. बायकांचा एकच सवाल, मग वटपौर्णिमेला पूजा कशाची? "मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवतो" म्हणून एकनाथरावांनी बाईंचं चित्र मागून नेलं, आणि बाई फुशारून गेल्या. इथेच त्या फसल्या.

मीटिंगमध्ये एकनाथरावांनी चित्र उंच धरलं. "बघा, हुबेहूब वड! याचा मोठा फ्लेक्स बनवून भिंतीला लावू. पूजा बी झाली, पार्किंग बी झाली. परेशानीच खतम!"

"हौ, घरात कागदावरचा वड पुजतातच की," कुणीतरी म्हणालं, आणि हात वर जायला लागले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्याच पेन्सिलीने त्यांचं झाड पडणार होतं!

"आणा इकडे," त्या म्हणाल्या. "एक दुरुस्ती राहिली आहे. तुमच्या पेन्सिलीमागे रबर आहे ना, तेही द्या."

एकनाथरावांनी खुशीने दिलं. बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं, एकदा डोळे भरून पाहिलं आणि खोडायला सुरुवात केली. आधी शेंडा, मग पारंब्या, मग ते सूत. जीव तुटत होता, पण हात थांबला नाही.

"अहो बाई, पागल झालात काय!" एकनाथराव ओरडले. "फोटो तरी काढू द्यायचा होता!"

बाईंनी कागदावरचा चुरा फुंकला आणि चित्र सगळ्यांसमोर धरलं. एका कडेला कडुनिंब, दुसऱ्या कडेला चिंच, मध्ये काहीच नाही.

"घ्या, याचा फ्लेक्स करा. झाड पाडल्यावर आवार असंच दिसणार आहे. पुजा याला."

मग उषाताई उठल्या. "मी खालच्याच वडाला सूत बांधणार," त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "पाडायला माणसं आणलीत तर मी आडवी होईन, सांगून ठेवते." वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

पौर्णिमेला वडाला नवं सूत गुंडाळलं गेलं. पूजा उरकून उषाताई बाईंकडे आल्या. "टीचर, आता तरी तो वड परत काढा ना."

"नक्को," बाई म्हणाल्या. "झाड खाली उभं आहे, तेवढं पुरे."

ते चित्र बाईंनी स्वतःच्या दारावर, बाहेरच्या बाजूने चिकटवलंय. समोरचं दार एकनाथरावांचं. घराबाहेर पाऊल टाकलं की आधी त्यांना ती मधली मोकळी जागा बघावी लागते.